मेंडेलच्या बागेतला लाल घेवडा

मेंडेल म्हटले की वाटाणा आणि वाटाणा म्हटले की तीनास एक, हे समीकरण आपल्या मनात पक्के बसलेले असते. उंच झाडे आणि बुटकी झाडे, जांभळी फुले आणि पांढरी फुले, गोल दाणे आणि सुरकुतलेले दाणे. पहिल्या पिढीत एक गुण लपतो आणि दुसऱ्या पिढीत चारांपैकी एका झाडात तो पुन्हा दिसतो. फळ्यावर चौकट आखून हे दाखवता येते, विद्यार्थ्यांना पटते आणि परीक्षेत लिहायलाही सोपे जाते.

पण १८६६ साली छापून आलेल्या मेंडेलच्या निबंधात वाटाण्यानंतर आणखी एका वेलीची हकीकत आहे. ती पाठ्यपुस्तकांत सहसा येत नाही. या वेलीच्या फुलांच्या रंगाने तीनास एकचा नियम पाळला नव्हता. मेंडेलने ही गोष्ट दडवली नाही. तिच्यावर त्याने विचार केला आणि पुढच्या पन्नास वर्षांत ज्या कल्पनेला मोठे महत्त्व आले, ती थोडक्या शब्दांत सुचवून ठेवली. ही वेल म्हणजे युरोपातल्या परसबागांत आजही हौसेने लावली जाणारी रनर बीन. या लेखात आपण तिची गोष्ट पाहू.

ही वेल कोणती?

रनर बीन आपल्या भाजीबाजारात सहसा दिसत नाही, त्यामुळे मराठीत तिला रूढ नाव नाही. सोयीसाठी आम्ही तिला 'लाल घेवडा' म्हणणार आहोत. शास्त्रीय नाव फॅसिओलस कॉक्सिनियस. यातल्या दुसऱ्या शब्दाचा अर्थच मुळी शेंदरी-लाल असा आहे. फरसबी म्हणजे श्रावण घेवडा, राजमा आणि सातारा जिल्ह्यात पिकणारा वाघ्या घेवडा हे सगळे फॅसिओलस व्हल्गॅरिस या एकाच जातीचे. लाल घेवडा त्याच प्रजातीतला, पण वेगळ्या जातीचा. नात्याने चुलत भाऊ म्हणा. दोघांच्याही पेशींत गुणसूत्रांच्या अकरा जोड्या असतात. वाल आणि पावटा यांनाही काही भागांत घेवडा म्हणतात, पण त्यांची प्रजातीच निराळी.

या चुलत भावांमध्ये काही ठळक फरक आहेत. फरसबीचा दाणा पेरला की त्याची दोन्ही दले मातीच्या वर उचलली जातात. पुस्तकातल्या चित्रात आपण हेच पाहतो. लाल घेवड्याची दले मात्र मातीतच राहतात आणि फक्त कोंब वर येतो. फरसबी एका हंगामात संपते, तर लाल घेवडा मुळात बहुवर्षायू आहे. त्याचे मूळ कंदासारखे फुगते आणि मेक्सिको व मध्य अमेरिकेतल्या थंड, दमट डोंगराळ मुलखात त्यातून पुन्हा पुन्हा फुटवे येतात. युरोपात हिवाळ्यात वेल मरते, म्हणून तिथे दरवर्षी बी पेरतात. उन्हाळ्याचे त्याला वावडे आहे. तापमान तिशीच्या वर राहू लागले की फुले येतात आणि गळून जातात, शेंगा धरत नाहीत. आपल्या मैदानी भागात ही वेल रुजली नाही याचे हे एक मोठे कारण.

इंग्लंडमधला हौशी बागवाला रात्री दव गोठण्याचे दिवस संपले की मे महिन्यात सुमारे दोन इंच खोलीवर एकेक दाणा टोकतो. सात-आठ फुटी काठ्या दोन ओळींत रोवून त्यांचे शेंडे एकमेकांना बांधतो. वेल या काठ्यांना वेढे घालत वर चढते. शेंगा कोवळ्या असतानाच तोडाव्या लागतात, कारण जून शेंगांच्या कडांना दोऱ्यासारख्या शिरा धरतात. शिवाय वेलीवर शेंगा पिकू दिल्या तर नवी फुले येणे मंदावते. म्हणून तोडणी दर एक-दोन दिवसांनी करायची, एवढे पथ्य पाळले की घरापुरती भाजी भरपूर मिळते.

फुलबागेतून भाजीच्या वाफ्यात

मेक्सिकोच्या डोंगराळ भागातल्या लोकांनी ही वेल फार पूर्वी लागवडीखाली आणली. तिथल्या नाहुआत्ल भाषेतून आलेले 'आयोकोते' हे तिचे नाव मेक्सिकोत आजही चालते. १४९२ नंतर अमेरिका खंडातून मका, मिरची, बटाटा, टोमॅटो ही पिके जगभर पसरली. त्याच लाटेबरोबर घेवड्याच्या जातीही युरोपात आल्या.

इंग्लंडमध्ये १६३३ साली टॉमस जॉन्सनने जॉन जेरार्डच्या प्रसिद्ध वनस्पतिग्रंथाची सुधारित आवृत्ती काढली. जॉन ट्रॅडेस्कंट या नामांकित माळ्याने मिळवलेल्या लाल फुलांच्या घेवड्याचा उल्लेख तीत आहे. गंमत अशी की पुढची शंभरेक वर्षे तिथे ही वेल मुख्यतः फुलांसाठीच लावली जात होती. मांडवावर चढवायची आणि लालभडक तुरे पाहायचे. अठराव्या शतकात चेल्सी येथील औषधी वनस्पतींच्या बागेचा प्रमुख फिलिप मिलर याने हिच्या शेंगा खाण्यासही उत्तम असल्याचा पुरस्कार केला आणि वेल हळूहळू भाजीच्या वाफ्यात आली. ऑस्ट्रियाच्या श्टायरमार्क प्रांतात शेंगांपेक्षा हिचे मोठे, ठिपकेदार वाळलेले दाणे अधिक लोकप्रिय झाले. तिथे ते शिजवून, भोपळ्याच्या बियांचे तेल घालून त्यांची कोशिंबीर करतात.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही वेल अशी घरोघरच्या बागेत पोचली होती. त्यामुळेच ती दोन अशा माणसांच्या हाताखाली आली, ज्यांची प्रयोगशाळा म्हणजे त्यांची बागच होती.

डार्विनची जाळी

पहिला माणूस चार्ल्स डार्विन. इंग्लंडमधल्या डाउन या खेड्यात त्याच्या घरामागे लाल घेवड्याच्या ओळी होत्या. या फुलांना शेंगा धरण्यासाठी मधमाश्यांची गरज असते का, असा त्याचा प्रश्न होता.

प्रश्न वाटतो तितका साधा नाही. वाटाणा आणि घेवडा यांच्या फुलात पुंकेसर आणि कुक्षी एकाच पाकळीजोडीत बंद असतात. पराग तिथल्या तिथे कुक्षीवर पडू शकतो, मग माशी कशाला हवी? डार्विनने फुलाची रचना बारकाईने पाहिली. घेवड्यात पुंकेसर व कुक्षिवृंत यांना वेढणारा पाकळ्यांचा भाग शंखासारखा पिळलेला असतो. मधमाशी डाव्या पंखपाकळीवर उतरते. तिच्या वजनाने पाकळी खाली दबते, पिळातून कुक्षी बाहेर येते आणि माशीच्या अंगाला घासते. माशीच्या अंगावर आधीच्या फुलाचा पराग असला तर तो कुक्षीला लागतो.

मग त्याने काही वेलींवर जाळी घातली आणि शेजारच्या वेली उघड्या ठेवल्या. १८५७ आणि १८५८ साली त्याने हे निरीक्षण 'गार्डनर्स क्रॉनिकल' या बागवानांच्या साप्ताहिकात कळवले आणि १८७६ च्या परपरागणावरील ग्रंथात निष्कर्ष दिला. जाळीखालच्या वेलींना उघड्या वेलींच्या एक-तृतीयांश ते एक-अष्टमांश एवढ्याच शेंगा धरल्या. लाल घेवडा परपरागणावर बराच अवलंबून आहे असा याचा अर्थ. वाटाण्याचे उलट आहे. त्यात स्वपरागण हाच नेम.

घेवड्याच्या जातीने डार्विनला आणखी एक गोष्ट दाखवली. १८६५ साली प्रसिद्ध झालेल्या वेलींच्या हालचालींवरील निबंधात त्याने फरसबीच्या जातीचा शेंडा हवेत गोल फिरतो तो वेळ मोजून दिला आहे. एक फेरी सुमारे दोन तासांची. वरून पाहिले तर शेंडा घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतो. लाल घेवडाही याच दिशेने वेढे घालतो. या सगळ्या कामाला लागले काय? एक खोली, एक घड्याळ, थोडी जाळी आणि भरपूर चिकाटी.

मेंडेलची एकतीस झाडे

दुसरा माणूस ग्रेगोर मेंडेल. आज झेक प्रजासत्ताकात असलेल्या ब्रनो शहरातल्या मठात तो राहत होता. १८५६ ते १८६३ या काळात त्याने वाटाण्यावर प्रयोग केले आणि १८६५ च्या फेब्रुवारी व मार्चमध्ये ब्रनोच्या निसर्गविज्ञान मंडळापुढे निबंध वाचला. वाटाण्यातल्या फुलांच्या रंगाच्या प्रयोगात दुसऱ्या पिढीत ९२९ झाडे होती. त्यांपैकी ७०५ झाडांना जांभळी आणि २२४ झाडांना पांढरी फुले आली. प्रमाण ३.१५ ला १.

एवढ्यावर थांबणे सोपे होते. पण एका वनस्पतीत सापडलेला नियम दुसऱ्या वनस्पतीत चालतो का, हे पाहिल्याशिवाय त्याला नियम कसा म्हणायचा? म्हणून मेंडेलने घेवडा घेतला. आधी त्याने बुटका घेवडा आणि उंच वाढणारा घेवडा यांचा संकर केला. आजच्या वर्गीकरणात हे दोन्ही फॅसिओलस व्हल्गॅरिसचेच प्रकार. इथे वाटाण्यासारखेच निष्कर्ष आले.

मग त्याने उडी मोठी घेतली. मादी म्हणून पांढऱ्या फुलांचा, पांढऱ्या दाण्यांचा बुटका घेवडा आणि नर म्हणून लाल घेवडा, असा दोन जातींमधला संकर केला. संकरित झाडे लाल घेवड्यासारखी दिसली, फक्त फुलांचा रंग थोडा फिका होता. अडचण पुढे आली. सतरा संकरित झाडांना मिळून शेकडो फुले आली, पण दाणे मिळाले फक्त ४९. त्यांतून पुढच्या वर्षी ४४ रोपे वाढली आणि ३१ झाडांना फुले आली.

उंची आणि शेंगेचा आकार या गुणांत झाडे थोडी असूनही तीनास एकच्या जवळचे प्रमाण दिसले. फुलांचा रंग मात्र वेगळाच वागला. जांभळट लालपासून फिक्या जांभळ्यापर्यंत छटांची एक रांगच समोर आली आणि निव्वळ पांढरी फुले आली ती एकतीस झाडांपैकी फक्त एका झाडाला. नियमाप्रमाणे ती सात-आठ झाडांना यायला हवी होती.

मेंडेलने यावर एक कल्पना मांडली. लाल घेवड्याचा रंग एकाच कारकामुळे नसून दोन किंवा अधिक स्वतंत्र कारक मिळून तो तयार होत असावा. प्रत्येक कारक स्वतःपुरता वाटाण्याचाच नियम पाळतो. दोन कारक असतील तर दोन्ही बाबतींत 'पांढरे' मिळण्याची शक्यता चारात एक गुणिले चारात एक, म्हणजे सोळात एक. उरलेल्या झाडांत कारकांच्या वेगवेगळ्या जुळण्यांमुळे गडद-फिक्या छटा येतील. हा केवळ अंदाज आहे, आणखी प्रयोगांनी तो पडताळून पाहावा, हेही त्याने लिहून ठेवले. शोभेच्या फुलांत दिसणाऱ्या रंगवैविध्याचा उलगडा यातून होईल अशी आशाही त्याला वाटत होती.

एकतीस झाडांवरून काय म्हणता येते?

शिक्षकांनी थोडे थांबावे अशी ही जागा आहे. एकतीसपैकी एक, या निरीक्षणात कितपत जोर आहे? संभाव्यतेचे साधे गणित करून पाहू.

पांढरे झाड मिळण्याची शक्यता चारात एक असेल, तर एकतीस झाडांत नेमके एकच पांढरे झाड येण्याची संभाव्यता सुमारे ०.१४ टक्के आहे. म्हणजे असा प्रयोग सातशे वेळा केला तर जेमतेम एकदा असे घडेल. तेव्हा 'नशिबाने पांढरी झाडे कमी आली' असे म्हणून सोडून देण्यासारखी ही गोष्ट नव्हती.

शक्यता सोळात एक असेल तर नेमके एक पांढरे झाड येण्याची संभाव्यता सुमारे २८ टक्के येते. हे मेंडेलच्या कल्पनेशी जुळते. पण तीन कारक धरून चौसष्टात एक अशी शक्यता घेतली तर उत्तर सुमारे ३० टक्के येते! दोन कारक की तीन, हे सांगण्याची ताकद एकतीस झाडांत नाही. मेंडेलने 'दोन किंवा अधिक' असे म्हटले, त्यातला 'किंवा अधिक' किती मोलाचा आहे हे यावरून कळते.

आणखी एक शंका घ्यायला हवी. संकर दोन वेगळ्या जातींचा होता आणि झाडे जवळजवळ वांझ होती. शेकडो फुलांतून ४९ दाणे, ४९ दाण्यांतून ३१ फुललेली झाडे. गळून गेलेल्यांत पांढऱ्या फुलांची झाडे अधिक असतील तर प्रमाण त्यामुळेही बिघडेल. ही शंका आज अधिक बळावते. २०१० साली वाटाण्यातल्या पांढऱ्या फुलांचे जनुक ओळखले गेले. रंगद्रव्य बनवणारी यंत्रणा चालू करणारे ते एक कळीचे जनुक आहे. २०१८ साली फरसबीच्या जातीतले तसेच जनुक ओळखले गेले आणि ते बिघडले की दाणे पांढरे होतात असे दिसून आले. म्हणजे घेवड्यात पांढरेपणा एकाच जनुकाच्या बिघाडानेही येऊ शकतो, तर जांभळ्या-लाल छटांमागे इतर अनेक जनुके असतात. मेंडेलचे उदाहरण त्याला वाटले त्याहून गुंतागुंतीचे होते. पण एका गुणामागे अनेक कारक असू शकतात ही त्याची कल्पना टिकली.

ती सिद्ध व्हायला वेळ लागला. १९०० साली मेंडेलचे काम पुन्हा उजेडात आले. १९०९ साली स्वीडनच्या निल्सन-एले याने गव्हाच्या दाण्याच्या लाल रंगात पंधरास एक आणि त्रेसष्टास एक अशी प्रमाणे दाखवली. १९१८ साली रोनाल्ड फिशरने गणिताने दाखवून दिले की उंचीसारख्या सलग बदलत जाणाऱ्या गुणांचा उलगडा अनेक मेंडेलीय कारकांच्या बेरजेने होतो. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या, चोपन्न लाखांवर माणसांच्या पाहणीत मानवी उंचीशी संबंधित बारा हजारांवर जनुकीय फरक आढळले. मेंडेलच्या वाटाण्यात उंच की बुटके हे एका कारकाने ठरत होते; माणसात ते बारा हजारांच्या घरात गेले.

अर्धा नियम शिकला तर

वाटाण्याचे प्रकरण शिकवले आणि घेवड्याचे वगळले तर बिघडले कुठे? अभ्यासक्रम मोठा, तासिका थोड्या.

याचे उत्तर इतिहासात आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत चार्ल्स डॅव्हेनपोर्ट आणि त्याच्या विचाराचे लोक मंदबुद्धी, दारिद्र्य, गुन्हेगारी यांसारख्या गोष्टींकडे वाटाण्याच्या सुरकुतीप्रमाणे पाहू लागले. गुण आनुवंशिक आहे, त्यामागे एखादा कारक असणार, तो असलेल्या माणसांना मुले होऊ दिली नाहीत की समाज सुधारेल, असा त्यांचा तर्क. १९०७ साली इंडियाना राज्याने सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला. १९२७ साली व्हर्जिनियाचा असाच कायदा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने योग्य ठरवला. अशा कायद्यांखाली अमेरिकेत साठ हजारांहून अधिक माणसांची नसबंदी झाली. याला राजकारण, वर्णद्वेष आणि गरिबांविषयीचा तिटकारा जबाबदार होताच. पण 'एक गुण, एक कारक' या अर्धवट समजुतीने त्याला विज्ञानाचा मुलामा दिला.

आपल्या वर्गातही हा प्रश्न येतो. गोरा रंग, उंची, हुशारी, 'घराण्याचे गुण' यांविषयी विद्यार्थी विचारतात आणि चौकट आखून उत्तर द्यायचा मोह होतो. रंग आणि उंची यांमागे अनेक जनुके आणि परिस्थिती दोन्ही असतात, हे सांगायला घेवड्याची गोष्ट उपयोगी पडते. ती मेंडेलचीच आहे, त्यामुळे नियमाला विरोध म्हणून नव्हे तर नियमाचाच पुढचा भाग म्हणून सांगता येते.

वर्गात करण्यासारखे

लाल घेवडा मिळाला नाही तरी चालेल. तीन गोष्टी करता येतील.

पहिली, अंकुरण. राजमा, मूग, चवळी, वाल एका रांगेत आणि हरभरा, वाटाणा, तूर दुसऱ्या रांगेत पेरावेत. पहिल्या रांगेत दले मातीबाहेर येतील, दुसऱ्या रांगेत मातीतच राहतील. लाल घेवडा कोणत्या रांगेत बसेल आणि फरसबी कोणत्या, हे मुलांनाच विचारावे.

दुसरी, जाळी. शाळेच्या कुंपणावर वाल किंवा घेवड्याची वेल असेल तर काही तुऱ्यांना फुले उमलण्याआधीच मच्छरदाणीच्या कापडाची सैल पिशवी बांधावी आणि तितकेच तुरे उघडे ठेवावेत. फुले आणि शेंगा मोजून नोंद ठेवावी. डार्विनसारखा मोठा फरक दिसेलच असे नाही. तो का दिसला किंवा दिसला नाही, हीच चर्चा.

तिसरी, नाणी. मुलांचे गट करावेत. एका गटाने दोन नाणी एकतीस वेळा उडवावीत आणि दोन्ही काटा पडले तर 'पांढरे झाड' म्हणून खूण करावी. दुसऱ्या गटाने चार नाणी आणि तिसऱ्याने सहा नाणी घ्यावीत; सगळी काटा पडली तरच पांढरे झाड. दोन नाण्यांत शक्यता चारात एक, चारांत सोळात एक, सहांत चौसष्टात एक. शेवटी प्रत्येक गटाचा आकडा फळ्यावर मांडावा. नाणी किती घेतली ते न सांगता फक्त 'एकतीसपैकी एक' एवढाच आकडा एखाद्या मुलापुढे ठेवला, तर तो कोणत्या गटाचा हे त्याला सांगता येईल का? दोन नाण्यांचा गट तो बहुधा लगेच बाद करील. चार की सहा, इथे अडेल. मेंडेलही नेमका इथपर्यंतच पोचला होता.

एक सूचना मात्र जरूर द्यावी. प्रयोगासाठी आणलेले राजम्याचे किंवा घेवड्याचे कच्चे दाणे मुलांनी चघळू नयेत. त्यांत पोटाला अपाय करणारे एक प्रथिन असते आणि ते दाणे चांगले उकळून शिजवल्यावरच नष्ट होते.